गोजरबाईनं सांगितलेली उत्तरं

गोजरबाई भाकरीचं पीठ मळत होती, तेवढ्यात खालच्या रानातून इंद्रायणीची बोंब ऐकू आली. हाताला पीठ तसंच ठेवून ती बाहेर आली. तिनं रानाकडं नाही, आधी ओसरीवरच्या घोंगडीकडं बघितलं. घोंगडी रिकामी होती. चपला जागेवर होत्या. म्हणजे म्हातारा अनवाणीच गेला होता.

ती पळत सुटली. एप्रिलचं ऊन टाळू भाजत होतं. गेणभाऊच्या रानात दोन दिवसांपूर्वीच कांदा काढून झाला होता. सऱ्या लावून, वर पात झाकून तो वाळत घातलेला. त्या सऱ्यांमधून गढूळ पाणी चाललं होतं. काही कांदे पाण्यावर तरंगत बांधाला येऊन टेकले होते. इंद्रायणी, गेणभाऊची बायको, घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून कपाळ बडवून घेत होती.

वर, कॅनॉलच्या चारीच्या लोखंडी दारापाशी गोजरबाईचा नवरा सावळाराम उभा होता. दोन्ही हात दाराच्या चाकावर. अंगात बंडी, पायात काही नाही, आणि चेहरा कामावरच्या माणसासारखा शांत. एकतीस वर्षं त्यानं ह्या कॅनॉलवर पाटकऱ्याची नोकरी केली होती. कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं हे त्याला तोंडपाठ असायचं. रिटायर होऊन तेरा वर्षं झाली होती.

"अहो, काय केलं हे?"

"मळ्याची पाळी हाय आज. बाराला दार उघडायचं म्हणून वर्दी आलीय."

गोजरबाईनं त्याला बाजूला सारलं आणि चाकाला हात घातला. चाक उन्हानं तापलं होतं. तिचे पिठाचे हात त्याला चिकटले. दोन्ही पाय रोवून, अंगाचा भार टाकून तिनं दार खाली आणलं. तोवर गेणभाऊ रस्त्याकडून धावत आला. गेणभाऊ म्हणजे सावळारामचा चुलतभाऊ. बांधाला बांध आणि भिंतीला भिंत.

"कुणी उघडलं दार?"

गोजरबाईला दम लागला होता. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. "म्या उघाडलं, भावजी. आमच्या गुरांच्या घासाला पाणी घ्यायचं व्हतं. वरलं उघडायचं ते खालचं उघडलं गेलं."

"तुला दिसतंय का न्हाई, सटवे!" इंद्रायणी खालून ओरडली. "भरल्या ताटात माती कालवली गं माझ्या! काढलेल्या कांद्यावर पाणी सोडती?"

सावळाराम हात मागं बांधून हे सगळं ऐकत होता. मग त्यानं साहेबी आवाजात बायकोला सुनावलं, "बाईमाणसानं दाराला हात लावायचा न्हाई. कितीदा सांगितलं तुला?"

गेणभाऊनं त्याच्याकडं क्षणभर बघितलं. मग तो पाण्यात उतरला.

पुढचे दोन दिवस गोजरबाईनं गेणभाऊचा ओला कांदा घमेल्यानं वाहिला. चिखलातून वेचायचा, फडक्यानं पुसायचा, माळावर नेऊन पांगवायचा. इंद्रायणी शेजारून जायची पण बोलायची नाही. घरी सावळारामला एकटं ठेवायची सोय नव्हती. गोजरबाईनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, मऊ बघून, आणि त्याचा पाय बाजेला बांधला. बांधताना तो म्हणाला, "बैलाला बांधत्यात असं." ती म्हणाली, "व्हय. घटकाभर." संध्याकाळी ती परतली तेव्हा घोट्यावर लाल वळ उठला होता. तिनं खोबरेल लावलं आणि वर पायमोजा चढवला, एप्रिल महिन्यात.

अर्धा कांदा सडलाच. त्याचा वास वस्तीवर आठ दिवस होता.

*

एक मुलगी त्या वासातच आली. स्कूटीवरून, तोंडाला ओढणी, पाठीला सॅक. नाव सानिया. जुन्नरची. पुण्याच्या एका संस्थेचा अभ्यास चालला होता. साठीच्या वरच्या माणसांची आठवण कशी आहे, आणि कुणाला विसर पडत असेल तर घरचे त्यांना कसे सांभाळतात, ह्याचा. ती घरोघर फिरून माहिती भरत होती.

"बाबांना थोडे प्रश्न विचारते, मावशी. अर्धा तास लागेल. औषध नाही, सुई नाही, काही नाही."

गोजरबाईला नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं तर का नाही, हेही सांगावं लागलं असतं. गोरख, तिचा मुलगा, चाकणला कंपनीत होता. त्याची पोरगी संस्कृती लग्नाची झाली होती. त्यानं फोनवर बजावलं होतं, "आई, बाबांचं कुणापाशी बोलायचं न्हाई. घराण्यात येड हाय म्हणून एकदा बोभाटा झाला की पोरीला कोण करणार?" तीन वर्षं गोजरबाई हेच करत आली होती. कुणी भेटायला आलं की ती शेजारी बसायची आणि नवऱ्याच्या आधी बोलायची. तो गप्प राहिला की, "दात दुखत्यात त्यांचं." चुकीचं बोलला की, "लई थट्टेखोर हाय म्हातारं."

सानिया सावळारामसमोर बसली. टॅब मांडीवर घेतला. तिची पाठ घराच्या दाराकडं होती आणि दारात गोजरबाई उभी होती.

"मावशी, तुम्ही मधे बोलायचं नाही हं."

"न्हाई बोलत."

"बाबा, आज वार कोणता?"

सावळारामनं सानियाच्या खांद्यावरून बायकोकडं बघितलं. गोजरबाईचे ओठ हलले. आवाज नाही, नुसते ओठ.

"बुधवार," तो म्हणाला.

महिना विचारला तेव्हा गोजरबाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरला बोट लावलं. गाव, तालुका, जिल्हा त्याला येत होतंच. मग सानियानं तीन शब्द सांगितले, नांगर, आरसा, पेरू. थोड्या वेळानं ते परत विचारले. गोजरबाईनं कोपऱ्यातल्या नांगराकडं हात केला. आरशासाठी स्वतःच्या तोंडासमोर तळवा धरला. पेरूसाठी चावल्यासारखं केलं. "भाकर," सावळाराम म्हणाला. तिनं मान हलवली. तो खजील झाला. विसापासून उलटं मोजताना ती दाराआडून दोन खेपा दहा बोटं मिटत गेली आणि तो तिच्या बोटांवरनं आकडे वाचत एकापर्यंत खाली उतरला. बरोबर आला म्हणून त्याच्या तोंडावर हसू आलं. कितीक दिवसांनी आलं. ते बघून गोजरबाईलाही गंमत वाटायला लागली. लहानपणी शाळेत शेजारणीला पाटी दाखवावी तशी.

शेवटी सानियानं कागद दिला. घड्याळ काढायला सांगितलं. इथं गोजरबाईला काही करता येईना. सावळारामनं गोल काढला. मग गोलाच्या आत आरे काढले, सहा. मधे आस. ते कॅनॉलच्या दाराचं चाक होतं. सानिया कागदाकडं बराच वेळ बघत राहिली. मग तिनं टॅबवर बोट फिरवलं.

"तीसपैकी सव्वीस. चांगलं आहे की, बाबा."

तिनं टॅब मिटला. गोजरबाई पुढं आली. "झालं?"

"झालं. पुढचे प्रश्न होते, पण ते नाही लागत आता."

"कसलं प्रश्न?"

"सांभाळणाऱ्या माणसाला विचारायचे असतात. झोप मिळते का, अंग दुखतं का, मदतीला कोण आहे. पण बाबा चांगले आहेत, मग तुम्हाला काय विचारायचं?" तिनं एक चिठ्ठी दिली, तिचा नंबर लिहिलेली, आणि स्कूटी चालू केली.

गोजरबाई चिठ्ठी हातात धरून उभी राहिली. चोरी पचली होती. दुसऱ्या दिवशी गिरणीवर तिनं दळणाच्या डब्यावर बसून चार बायकांना ऐकवलं, "पुण्याच्या बाईनं तपासलं आमच्या ह्यांला. तिसात सव्वीस. तुमच्या पोरांना तरी पडत्यात का?"

*

मे महिन्यात गेणभाऊ अचानक मऊ झाला. एका मंगळवारी सकाळी मोटारसायकल घेऊन दारात आला.

"वैनी, दादाला जरा कळंबला फिरवून आणतो. दाढी करतो, चहा पाजतो. घरात बसून कंटाळलं असंल."

गोजरबाईला वाटलं, कांद्याचा राग निवला. तिनं सावळारामला धुतलेला शर्ट घातला. गेणभाऊच्या मागं बसवून त्याचे दोन्ही हात गेणभाऊच्या पोटाशी नीट धरायला लावले. मोटारसायकल वळणाआड गेली आणि वस्तीवर एकदम सुनं झालं. तिला काय करावं कळेना. मग तिनं पाणी तापवलं, शिकेकाई काढली आणि डोक्यावरून न्हाली. महिनाभरानं. केस उन्हात सोडून ती ओसरीवर बसली आणि बसल्या बसल्या भिंतीला टेकून झोपली.

चार वाजता दोघं आले. सावळारामची दाढी केलेली, डोक्याला नवी टोपी.

"भावजी, देव तुमचं भलं करो," ती म्हणाली.

गेणभाऊ गाडीवरून उतरला नाही. "बरंय," म्हणाला आणि गाडी वळवली.

अठरा दिवसांनी कोतवाल तलाठ्याची नोटीस घेऊन आला. "हितं सही करा, आजी. हरकत असली तर पंधरा दिसात सांगायची."

गोजरबाई चौथी शिकलेली होती. बोट लावून लावून तिनं वाचलं. विहिरीच्या पट्टीचा गट नंबर. अकरा गुंठे. त्यातला सावळारामचा हिस्सा त्यानं राजीखुशीनं सोडला होता आणि गेणभाऊचं एकट्याचं नाव लागणार होतं. हक्कसोडपत्र तालुक्याच्या कचेरीत नोंदवलेलं. तारीख मंगळवारची.

तिनं परत वाचलं. विहीर त्या पट्टीतच होती. घरचं पाणी, गुरांचं पाणी, कॅनॉल बंद असला की घासाचं पाणी, सगळं त्या विहिरीवर.

"कुठल्या मंगळवारी?" तिनं कोतवालाला विचारलं, तारीख समोर असून.

संध्याकाळी गोरखनं गावातल्या एकाकडून दस्ताची नक्कल मिळवून मोबाईलवर पाठवली. शेवटच्या पानावर फोटो होता. सावळाराम, नवी टोपी घातलेला. कॅमेऱ्याकडं त्याची नजरच नव्हती. तो बाजूला बघत होता, शोधत. उत्तर विचारताना तो जसं तिच्याकडं बघायचा तसं. त्या वेळी ती इथं उन्हात केस वाळवत होती. गोजरबाईनं मोबाईल पालथा ठेवला आणि ती गेणभाऊच्या घराकडं निघाली.

*

गेणभाऊ गोठ्यात वैरण टाकत होता.

"येडं माणूस न्हेऊन अंगठा घेतला, भावजी?"

"येडं कोण म्हणतंय?" गेणभाऊनं वैरणीची पेंढी सोडली नाही. "तूच म्हणती का? सव्वीस मार्क पडलं त्याला. गिरणीवर तूच सांगितलं. कचेरीत साहेबानं इचारलं, खुशीनं देताय का? त्यानं व्हय म्हटलं. खणखणीत."

"त्यास्नी काय कळतंय? नातीचं नाव आठवत न्हाई!"

"मंग इतके दिस लपवलं कशापायी?" आता त्यानं पेंढी टाकली. "ती विहीर माझ्या बापानं खांदली, वैनी. दगूड ह्या खांद्यानं वाहिलं त्यानं. कागदावर मातर मोठा हिस्सा तुमच्या सासऱ्याचा. आमी पिढीभर पाण्याला तुमच्या तोंडाकडं बघतोय. आन् वर तू माझ्या काढलेल्या कांद्यावर दार उघडलं. माझी चूक दाखव."

गोजरबाईच्या तोंडात आलं होतं, दार मी उघडलं नाही. पण ते आता कोण खरं मानणार? तिचंच एक खोटं दुसऱ्याला जाऊन चिकटलं होतं. इंद्रायणी चुलीपुढून बघत होती. गोजरबाई तशीच माघारी आली.

गोरख फोनवर म्हणाला, "वकिलाला इचारलं. नोंदीला हरकत घ्यायची. पण बाबा भानावर न्हाईत ह्याचा कागद पायजे. कोणी तपासलंय का?"

"तपासलंय," गोजरबाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

*

चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन केल्यावर कळलं, सानिया त्या आठवड्यात कळंबला होती. गोजरबाई सावळारामला घेऊन एसटीनं गेली. गाडीत तो दोनदा उठून कंडक्टरला म्हणाला, "पुढच्या दाराला थांबवा." लोक हसले. तिनं त्याचा हात मांडीखाली दाबून धरला.

देवळाच्या ओट्यावर सानिया डबा खात बसली होती. तिनं दोघांना बघितलं आणि डबा बाजूला ठेवला. गोजरबाईनं तिच्यापुढं उभं राहूनच सगळं सांगितलं. ओठ हलवल्याचं, कॅलेंडरचं, बोटांचं, पेरूचं. कांद्याचं, दाराचं आणि विहिरीच्या कागदाचंही. सांगताना ती सानियाच्या पायातल्या चपलांकडं बघत होती.

"मी चोरी केली बाई. गाव सोडलं तर त्यास्नी एक बी उत्तर येत नव्हतं. ते सव्वीस माझं हायेत."

सानियाचा चेहरा उतरला. गोजरबाईला वाटलं, आता ही ओरडणार.

"मला दिसलं होतं, मावशी," सानिया म्हणाली.

"आं?"

"टॅबच्या काचेत तुम्ही दिसत होतात. पाठीमागं. तुमची बोटंसुद्धा."

"मंग बोलली का न्हाईस?"

"त्या दिवशी सहा घरं भरायची होती. तुमचं चौथं होतं. तुम्हाला बाहेर पाठवून पहिल्यापासून घ्यायचं म्हणजे तास गेला असता. आणि मला..." ती थांबली. "बाबा हसले ना, ते मला बरं वाटलं. म्हटलं, जाऊ दे. ते घड्याळ बघून तर मला पक्कं कळलं होतं."

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सावळाराम बोटानं धुळीत रेघ ओढत होता.

"असं आणिक किती घरी झालं?" गोजरबाईनं विचारलं.

"माहीत नाही," सानिया म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "खरंच माहीत नाही. बायका दारातच उभ्या असतात."

तिनं तिथूनच संस्थेतल्या मॅडमना फोन लावला. मोठ्यानं, गोजरबाईला ऐकू येईल असं, सगळं सांगितलं. पलीकडून काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण सानियाचे कान लाल झाले. फोन ठेवून ती म्हणाली, "डॉक्टर स्वतः तपासतील. पण तारीख महिनाअखेरची आहे. तुमच्या हरकतीची सुनावणी कधी?"

"सोमवारी."

"मी येते. झालं ते लिहून देते, सहीनिशी. माझं काय व्हायचं ते होईल." मग तिनं टॅब काढला. "मावशी, ते राहिलेले प्रश्न घेऊ का आता?"

पहिलाच प्रश्न होता, दिवसातले किती तास यांच्यामागं जातात? गोजरबाई हसली. "रात धरून का?" दुसरा, मदतीला कोण? ती म्हणाली, "कोणाला म्हाईतच न्हाई, तर मदत कोण करंल?" त्यांच्यावर कधी हात उगारला का, असं विचारलं तेव्हा तिनं पदर तोंडाशी नेला. "एकदा. चुलीत लुगडं घातलं माझं. म्या चापट मारली. त्यांनी उलटून मारली न्हाई. गालाला हात लावून बसलं नुसतं." नंतर सानियानं विचारलं, स्वतःसाठी शेवटचं काय केलं? गोजरबाईनं आठवून बघितलं. "न्हाले," ती म्हणाली. "त्या मंगळवारी." आणि देवळासमोर, येत्याजात्या माणसांत, तिला हुंदका आला.

*

सोमवारी सर्कल साहेबांच्या, म्हणजे तलाठ्याच्या वरच्या अधिकाऱ्याच्या, कचेरीत माणसं मावत नव्हती. वस्तीवरचे बरेच आले होते. गेणभाऊ इस्त्रीच्या कपड्यात, इंद्रायणी दारापाशी. गोरख रजा टाकून आलेला. तो आईशी धड बोलत नव्हता, सगळं चव्हाट्यावर आलं म्हणून. सानिया कोपऱ्यात, हातात कागद.

सर्कल साहेब चाळिशीचे, सौम्य गृहस्थ होते. त्यांनी सानियाचा कागद दोनदा वाचला. मग दस्त बघितला. "दस्त रद्द करणं माझ्या हातात नाही. ते कोर्टात. मी फक्त नोंद करायची का थांबवायची ते बघणार. आजोबांना पुढं आणा."

सावळारामला खुर्चीत बसवलं. गोजरबाई त्याच्या डाव्या अंगाला, चार हातांवर.

"आजोबा, नाव काय तुमचं?"

"सावळाराम महादू. पाटकरी."

"गाव?"

त्यानं गाव सांगितलं. खणखणीत. मागं कुजबुज झाली. गेणभाऊ ताठ बसला.

"हे साल कोणतं?"

सावळारामनं मान वळवून बायकोकडं बघितलं.

गोजरबाईच्या ओठांवर साल आलं होतं. तीन वर्षांची सवय. तिनं दातांनी ओठ दाबला आणि तोंड भिंतीकडं केलं. भिंतीवर गावांचा नकाशा होता. ती त्यातल्या निळ्या रेघेकडं बघत राहिली.

"साल, आजोबा?"

खुर्ची करकरली.

"बरं, मुलं किती तुम्हाला?"

त्यानं स्वतःच्या बोटांकडं बघितलं.

"ह्या कागदावर अंगठा कशाचा दिलात? काय आठवतंय?"

आता पाठीवर त्याची नजर तिला कळत होती. तिनं वळून बघितलं नाही.

"सांग की गं," सावळाराम म्हणाला. आधी हळू. मग मोठ्यानं, "सांग की! साहेब इचारत्यात! रोज सांगती, आज का सांगत न्हाई? मुकी झाली का?" तो उठायला गेला, खुर्ची मागं कोसळली. "काय बोलायचं ते सांग मला! म्या काय बोलू?"

सर्कल साहेबांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. सावळारामच्या पायाशी फरशीवर ओल पसरत होती. त्यानं खाली बघितलं, मग त्या ओलीकडं बोट करून पुटपुटला, "कुणी सोडलं हे? कुणाची पाळी हाय?"

गोजरबाई पुढं झाली, पण तिच्या आधी गेणभाऊ पोचला. त्यानं खांद्यावरचं उपरणं सावळारामच्या कमरेला गुंडाळलं.

"नाना," सावळारामनं त्याचा दंड धरला. "नाना, मला घरी ने."

गेणभाऊ तसाच वाकलेला राहिला. मग साहेबांकडं न बघताच बोलला, "नाना माझा बाप. मरून चोवीस वर्सं झाली. त्या दिवशी कचेरीत बी ह्यो मला नानाच म्हणत व्हता. नाना, विहीर तुजीच हाय, म्हणाला."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"कळलं व्हतं." गेणभाऊनं उपरण्याची गाठ मारली. "रानात दार कुणी उघडलं ते बी कळलं व्हतं. चाकावर वैनीच्या हाताचं पीठ व्हतं. भाकरी टाकून पाणी घ्यायला कोण येतंय? आन् चिखलात अनवाणी पाय ह्याचं व्हतं. दारापातूर आलेलं. सगळं बघितलं म्या. पर मला राग पायजे व्हता."

दारातून इंद्रायणीनं "अगं आई गं" म्हटलं आणि भिंतीला धरलं.

सर्कल साहेबांनी पाण्याचा ग्लास सावळारामला दिला. मग नोंद थांबवल्याचं लिहिलं. दस्त रद्द करायला कोर्टात जावं लागेल, दोन्ही बाजू राजी असल्या तर अडचण नाही, म्हणाले. गेणभाऊनं राजी असल्याचं तिथंच लिहून दिलं. गोरख बाहेर येऊन चिंचेखाली उभा राहिला आणि लहान मुलासारखा रडला. "मला वाटलं थोडं विसरत्यात," एवढंच म्हणत राहिला. सानिया स्कूटीवर बसून निघून गेली. महिनाभरानं कळलं की तिचं काम गेलं नव्हतं, पण भरलेली सगळी घरं तिला पहिल्यापासून परत करायला लावली होती. ह्या वेळी घरच्यांना बाहेर बसवून.

महिनाअखेरीला पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं. तिसात सात पडले. औषधानं गेलेलं परत येणार नाही, म्हणाले. फार तर थोडं धिम्यानं जाईल.

*

पण त्याआधी, सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, इंद्रायणी शेजारून आली आणि ओसरीच्या पायरीवर बसली. एप्रिलपासून ती ह्या दारात आली नव्हती. गोजरबाई सावळारामला भात भरवत होती.

"पड जरा, बाई," इंद्रायणी तिच्याकडं न बघता म्हणाली. "म्या बसते."

"नगं. त्यास्नी माझ्याबिगर..."

"पड म्हणते ना."

गोजरबाई आत जाऊन लवंडली. झोप येणार नाही असं तिला वाटलं. बाहेरून इंद्रायणीचा आणि त्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. ती दचकून जागी झाली तेव्हा उन्हं पार उतरली होती. घरात कुणाचाच आवाज नव्हता. ती तशीच, पदर लोळत, धडपडत बाहेर आली.

सावळाराम ओसरीवरच होता. पुढ्यात सूप. इंद्रायणीनं हुलगे आणि मटकी एकत्र करून त्याला निवडायला दिली होती. तो एकेक दाणा उचलत होता, बघत होता, आणि परत त्याच सुपात टाकत होता.

"तरास दिला का लई?" गोजरबाईनं विचारलं.

"न्हाई बाई. मला आय म्हणतंय मगाधरनं. जेवली का, आय? निजली का, आय?"

"मंग तू काय म्हणली? सांगितलं न्हाईस, म्या तुझी आय न्हाई, इंद्रायणी हाय म्हणून?"

"कशाला?" इंद्रायणीला नवल वाटलं. "म्हटलं, व्हय बाबा, जेवले."

गोजरबाई चौकटीला धरून उभी राहिली. तीन वर्षं ती त्याला वार सांगत होती, नावं सांगत होती, चुकलं की दुरुस्त करत होती, आणि तो रोज नव्यानं चुकत होता. नुसतं व्हय म्हणावं, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

सावळारामनं मान वर केली. तिच्याकडं बराच वेळ बघितलं.

"पाटावरनं आली का गं? पाणी सुटलं का?"

तिच्या तोंडात आलं होतं, अहो, कॅनॉलचं पाणी गेल्या महिन्यातच बंद झालंय. तिनं ते गिळलं. खाली त्याच्याशेजारी बसली आणि सुपात हात घातला.

"व्हय," ती म्हणाली. "सुटलं."